अकरावा खाडा

"सर, सहामाहीचा पेपर आज तुमच्यापुढे ठेवला आणि उत्तरांची पानं फाडून टाकली, तर तुम्ही पास व्हाल का?"

मार्नीने विचारलं आणि वर्ग चिडीचूप झाला. सहा जणांचाच वर्ग. खिडकीखालचं, खोली तापवणारं गरम पाण्याचं लोखंडी नळकांडं तेवढं टकटकत राहिलं.

पैज हॅटी रिंडलची होती. जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांदेखत बोट नाचवलं होतं, "विचारून दाखव. विचारलंस तर माझ्या आईचे दोन डोनट तुझे. नाही विचारलंस तर उद्यापासून तुला गोठ्यातली घूस म्हणणार." पुढच्या बाकावरच्या रूडीने लगेच री ओढली होती, "नाही विचारणार ती. फुशारक्या नुसत्या."

गेल्या वर्षीची मार्नी असती तर घूस पत्करली असती. गेल्या वर्षापर्यंत व्होल्डेनांची मार्नी म्हणजे शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसणारी, केसांना गोठ्याचा वास येतोय की काय म्हणून स्वेटरची टोपी कपाळापर्यंत ओढणारी. पण या ऑक्टोबरात एक चमत्कार झाला. गाईंच्या हिवाळी चाऱ्याचा, मुरघासाचा, मका कापण्यापायी दहा दिवस शाळा बुडवून ती परत आली, त्याच दिवशी क्वाम सर फळ्यावर एका गणितात अडले. खडू हातात घेऊन अर्धा मिनिट उभे. आणि मागून मार्नी उठली, सगळ्यांच्या नजरांतून चालत गेली, तीन ओळींत गणित संपवलं आणि जागेवर येऊन बसली. दहा दिवस ट्रॅक्टरवर बसून पुस्तक वाचलं होतं तिने, मक्याची गाडी भरेपर्यंतच्या सात-सात मिनिटांत. त्या दिवशी मान जी वर झाली ती झालीच. आता ती पुढच्या रांगेत बसत होती, मोठ्याने हसत होती, आणि पुलांची कामं शिकायला विद्यापीठात जाणार म्हणून सांगत सुटली होती. त्यासाठी हा विषय सुटायलाच हवा होता.

क्वाम सरांनी खडू खाली ठेवला. ते मूळचे सुतारकामाचे मास्तर. एकसष्टीचे, रुंद खांद्यांचे, उजव्या हाताची करंगळी कधीकाळी करवतीने नेलेली. गणिताच्या बाई उन्हाळ्यात नोकरी सोडून गेल्या, जाहिरातीला कोणी फिरकलं नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजात हा विषय घेतला होता एवढ्या एका गुन्ह्यासाठी कॅल्क्युलस क्वाम सरांच्या गळ्यात पडलं होतं.

त्यांनी बोटांवरची पांढरी भुकटी विजारीला पुसली.

"नाही," ते म्हणाले. "बहुतेक नाही होणार."

रूडी हसायला गेला आणि मध्येच थांबला.

"मी तुमच्या एक धडा पुढे असतो. कधीकधी अर्धाच. तुम्हाला हे कळत नसेल असं मला वाटत होतं, चूक माझी." त्यांनी मार्नीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "पेपर आपण काढत नाही. चार शाळांचा मिळून एकच निघतो, तपासायलाही बाहेर जातो. पुढच्या मंगळवारी मी तुमच्यासोबत बसतो. माझाही कागद जाऊ दे."

तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं. ती माफी मागायला तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "व्होल्डेन, तुझे खाडे किती झाले?"

"दहा."

"दहापर्यंत शाळा बोलत नाही. अकरावा पडला की परीक्षेत शंभरात ऐंशी लागतात. नाही मिळाले तर अख्खं सत्र पाण्यात. पास असलीस तरी पाण्यात. ठाऊक आहे ना?"

"नाही पडणार सर अकरावा."

"आठच दिवस काढायचेत," सर म्हणाले.

डोनट तिने घेतले, पण घरी जाताना शाळेच्या गाडीत समोरच्या लहान पोरांना देऊन टाकले.

*

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी पहाटे पारा शून्याखाली अठ्ठावीसवर होता. गोठ्याच्या आत बावन्न गाईंच्या अंगाची ऊब, भिंतींवर त्यांच्या श्वासाचं दव, आणि दाराच्या फटींतून तेच दव बर्फ होऊन पांढऱ्या मिशांसारखं आत वाढलेलं. मार्नीचे वडील डेल डाव्या हाताने दूध काढायची यंत्रं लावत होते. उजवा खांदा सप्टेंबरात सायलोच्या, म्हणजे मुरघासाच्या उंच कोठाराच्या शिडीवरून पडून निखळला होता. बसवला, पण कोपर छातीच्या वर जात नव्हतं. आई जोलीन वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, ती सात वाजता यायची. तोवर गोठा या दोघांचा.

गाईंच्या मागून दोन्ही बाजूंनी शेणाची चर जाते. चरीत लोखंडी साखळी, साखळीला आडव्या फळ्या. बटण दाबलं की साखळी शेण ओढत गोठ्याच्या टोकाला जाते, तिथून भिंतीबाहेरच्या तिरक्या घसरगुंडीवरून वर चढते आणि शेणगाड्यात सगळं ओतते. उन्हाळ्यात पोरसुद्धा चालवेल. हिवाळ्यात मात्र आधी पहार घेऊन बाहेर जायचं, घसरगुंडीवर गोठलेलं शेण ठोकून साखळी मोकळी करायची, मगच बटणाला हात लावायचा. हे मार्नीला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. आजोबांनी बटणाशेजारी एक खिळा ठोकून पहार त्यालाच टांगायची शिस्त घालून दिली होती. बटणाकडे जायचं तर पहार बाजूला केल्याशिवाय हात पोचायचाच नाही.

त्या दिवशी तिने पहार बाजूला केली. डाव्या हाताने केली, कारण उजव्या हातात सूत्रांचं कार्ड होतं. ओठ हलत होते. डोळे कार्डावर होते. पहार भिंतीला टेकवली आणि बटण दाबलं.

आधी मोटर गुरगुरली. मग साखळी ताणली गेल्याचा एक लांब आवाज आला, दात खाल्ल्यासारखा. आणि मग बंदुकीसारखा बार. गाई एकदम पुढे झेपावल्या, गळ्यातल्या साखळ्या खणखणल्या, एकीने लाथ मारून यंत्र उडवलं. बाहेरच्या घसरगुंडीवर साखळीची कडी तुटली होती. सैल झालेली साखळी गोठ्याच्या टोकाला गुंडाळी होऊन चरीत रुतली.

डेल चालत आले. भिंतीला टेकलेली पहार त्यांनी पाहिली. पहारीच्या टोकाला बर्फाचा कण नव्हता.

"ठोकलं होतंस?"

हो म्हणता आलं असतं. कडी म्हातारी होतीच.

"नाही."

"मग करत काय होतीस?"

"पाठ करत होते."

डेलनी तिच्या हातातल्या कार्डाकडे नुसतं बघितलं. मग वाकून यंत्र उचललं, त्याच्या रबरावरचं शेण अंगठ्याने पुसलं. "ही कडी आता दुकानात मिळत नाही," ते म्हणाले. "कंपनी बुडून वीस वर्षं झाली. टेकडीपलीकडच्या आमिश पंथाच्या लोहाराकडून जुन्या पद्धतीने हाताने घडवावी लागेल. आणि या थंडीत त्याच्या दारात काय मी एकटाच असणार आहे?"

"मी हाताने काढते."

"तू शाळेत जा."

एक गाय दिवसाकाठी एका माणसाच्या वजनाचं शेण टाकते. बावन्न गाई. मार्नीने कपडे बदलले, दप्तर पाठीला लावलं आणि गोठ्याच्या दारातून रस्त्याकडे निघाली. मागे फावड्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं. डेल डाव्या हाताने फावडं चरीत घालत होते, मांडीवर टेकवून उचलत होते आणि अर्धं परत चरीत सांडत होतं. एकचाकी गाडी कशीबशी भरली. फळीवरून वर ढकलताना उजवा हात दुमडला, गाडी कलंडली, आणि बर्फाळ फळीवरून त्यांचा पाय सटकून ते गुडघाभर चरीत बसले. उठायला गेले, तेही त्याच हातावर जोर देऊन; आणि तोंडातून एक लहान आवाज निघाला. तसा आवाज तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

रस्त्यावर शाळेच्या गाडीने भोंगा दिला. दोनदा. ड्रायव्हर लॉइड तसा मायाळू माणूस, तिसऱ्यांदाही दिला.

मार्नीने हात वर करून त्याला जा म्हणून खूण केली.

डेल ओरडले, "अगं ए! गाडी!"

"गेली," ती म्हणाली आणि दप्तर गवताच्या गठ्ठ्यावर फेकलं. "बाजूला व्हा, बाबा. तुम्ही गाडी धरा. मी भरते."

*

मग दिवसाला एकच आकार उरला. पहाटे चारला फावडं, सातला दप्तर, चारला पुन्हा फावडं. फावडं खाली घालताना पाठीतून घालायचं नाही, गुडघ्यातून घालायचं. उचललेलं पोटाशी आणायचं. टाकताना मनगट सैल सोडायचं. पहिल्या दिवशी हातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले, तिसऱ्या दिवशी हातमोज्याचं अस्तर जखमेला चिकटलं. गाडीतलं शेण बाहेर नेईपर्यंत वरून गोठायचं, आणि शेणगाड्यात दगडासारखं धाडकन पडायचं. भिजलेली विजार गोठ्यातून घरापर्यंतच्या पन्नास पावलांत ताठ व्हायची. आई पाळीवरून आली की कोट न काढताच तासभर एकचाकी ढकलायची, मग अंघोळ करून, ओल्या केसांनी, खुर्चीतच झोपायची.

डेल बोलायचे कमी, पण जे बोलायचे ते लागायचं. "तुझं ते गणित कडीला भारी पडलं," एकदा म्हणाले. आणखी एकदा, दूधवाल्या टँकरचा माणूस उभा असताना, "ही आमची पंडित. साखळी किती वेगाने तुटते ते सांगेल तुम्हाला." टँकरवाला हसला. मार्नी खाली बघत फावडं मारत राहिली. ऐकून घेण्याजोगंच होतं ते.

शाळेत क्वाम सरांनी तयारीचा तास सकाळी पावणेसातला ठेवला होता, सुतारकामाच्या खोलीत, कारण तिथली भट्टी आधी पेटायची. मार्नी पोचेपर्यंत तास संपत आलेला असायचा. प्लायवूडच्या पाट्यांवर सुताराच्या पेन्सिलीने गणितं लिहिलेली, फरशीवर रंध्याचे गुंडाळे पडलेले. वक्राखालचं क्षेत्रफळ समजावायला सरांनी पाइनचा एक ठोकळा घेऊन त्याच्या पातळ पातळ चकत्या पाडल्या होत्या. चकती जितकी पातळ, तितकी कड खरी. हे हॅटीने तिला मधल्या सुट्टीत सांगितलं, स्वतःच्या वहीत चित्र काढून.

"थोडं लांबून बस गं," हॅटी म्हणाली. "आज तुझ्याकडून वास नाही येत, आरोळी येतेय."

"तुझ्या बाबांच्या गिरणीचाच खुराक खातात आमच्या गाई. म्हणजे अर्धा वास तुमचा."

हॅटी खळखळून हसली. मग तिने मार्नीचे तळहात पाहिले आणि हसणं मिटलं. पेन्सिल तिने मार्नीच्या हातातून काढून घेतली. "तू सांग. मी लिहिते."

अकरावा खाडा नोंदला गेला होता. शाळेच्या कचेरीतून पिवळा कागद आला, खाली पालकांच्या सहीची जागा. कागदात दोन वाटा होत्या. शुक्रवारपर्यंत विषय सोडला तर प्रगतिपुस्तकात काहीच दिसणार नव्हतं. नाही सोडला आणि ऐंशी नाही पडले, तर शेरा कायमचा राहणार होता. डेलनी विषय सोडण्याच्या चौकटीत खूण करून, सही करून कागद टेबलावर मिठाच्या डबीखाली ठेवला होता. वाईट हेतूने नाही. पोरीची लाज झाकावी म्हणून.

मार्नीने तो वाचला, घडी घातली आणि स्टोव्हमध्ये टाकला.

"काय केलंस?" आई खुर्चीतून म्हणाली. मार्नीला वाटलं होतं तशी ती झोपलेली नव्हती.

"परीक्षा देतेय."

"अगं, शेरा राहील."

"राहू दे."

आई खुर्चीतून उठली. "हात दाखव," ती म्हणाली, आणि वृद्धाश्रमातून आणलेलं मलम बोटाने लावत राहिली, एकेक फोड शोधून.

*

शनिवारी दुपारी क्वाम सरांची जुनी गाडी अंगणात आली. सर उतरले ते बगलेत पुस्तक आणि हातात फावडं घेऊन.

डेल दारात आले. दोघे एकमेकांना ओळखत होते. डेलनी याच सरांकडे सुतारकाम शिकून पहिली खुर्ची केली होती. एक पाय आखूड असलेली.

"सर, तुम्ही कशाला?"

"मी फुकट नाही आलोय," सर म्हणाले. "एक गणित सुटत नाहीये. ही पोरगी सोडवेल तर बघू. एक चर माझी."

एकसष्टीच्या माणसाने दीड तास शेण उपसलं. त्याला शिकवावं लागलं नाही. लाकूड उचलणाऱ्याच्या पाठीला फावडं सोपं. मग तिघे दुधाच्या खोलीत गेले. तिथे पोलादी टाकी, आडव्या पिंपासारखी. तिच्यात दूध किती आहे ते मोजायची खुणांची लांब पट्टी, आणि भिंतीला त्या पट्टीचा तक्ता: इतके इंच ओले, तर इतके पौंड दूध.

सरांनी पुस्तक उघडलं. "आडवी गोल टाकी. दूध एकाच धारेने पडतंय. पातळी सगळ्यांत सावकाश केव्हा चढते? मी म्हणतो शेवटी. टाकी भरत आली की सगळंच सावकाश होतं. पण आकडे जुळत नाहीत."

"मध्यावर," मार्नी म्हणाली.

"का?"

तिला का ते माहीत नव्हतं. तिला फक्त माहीत होतं. आठव्या वर्षापासून ती ती पट्टी बुडवत आली होती. "तळाला पट्टी भराभर ओली होते, सर. मध्यावर आली की हलतच नाही, कंटाळा येतो. आणि वर गेली की पुन्हा पळते. सांडायला येते तेव्हा तर नजर काढायची सोय नाही."

"पहिला इंच म्हणजे पस्तीस पौंड," डेल दारातून म्हणाले. त्यांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. "मधला इंच म्हणजे एकशे ऐंशी."

सरांनी पेन्सिल काढून पुस्तकाच्या कडेला एक वर्तुळ काढलं, त्यात आडव्या रेघा मारल्या. खाली आखूड, मध्ये लांब, वर आखूड. "मध्ये दूध पसरायला जागा जास्त," ते पुटपुटले. "म्हणून चढायला वेळ." आणि मार्नीने त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली, त्या रेघेची लांबी कशी निघते ते लिहिलं, त्यावरून वेग लिहिला, मध्याचा आकडा घातला. सर तिच्या खांद्यावरून बघत होते. एका ठिकाणी म्हणाले, "थांब, ते वर्गमूळ कुठून आलं?" तिने सांगितलं. ते म्हणाले, "हं." पुन्हा म्हणाले, "हं."

"सर," ती मान खाली घालून म्हणाली, "सोमवारी मी ते विचारलं, ते... पैज होती."

"ते मला कळलं होतं. पण प्रश्न बरोबर होता." त्यांनी टोपी घातली. "पैजेचा असला म्हणून प्रश्न चुकीचा होत नाही."

गाडी गेल्यावर डेल तक्त्यापाशी उभे राहिले. "हे असलंच असतं का त्यात?" त्यांनी विचारलं.

"बरंचसं."

"मग एवढं पुस्तक कशाला लागतं," ते म्हणाले. पण त्या संध्याकाळी त्यांनी तिला टोमणा मारला नाही.

*

परीक्षेच्या दिवशी ती साडेतीनला उठली. आई पाळी बदलून घरी थांबली होती. दोन्ही चरी साडेसहाला मोकळ्या झाल्या. मार्नीने डोक्यावरून दोनदा साबण घेतला. गाडी आली तेव्हा ती रस्त्यावर उभी होती, पापण्यांचे केस एकमेकांना चिकटत होते.

सात बाकं मांडली होती. सातव्यावर क्वाम सर, गुडघे बाकाच्या लोखंडाला घासत, पुढ्यात चाकूने टोक काढलेल्या दोन पेन्सिली. हेडमास्तर स्वतः पहाऱ्याला. रूडीने मागे वळून सरांकडे पाहिलं, काही विनोद करावा असं त्याच्या तोंडावर आलं, आणि तो पुढे वळला.

टाकीचा प्रश्न आलाच नव्हता.

मार्नीने पूर्ण पेपर दोनदा चाळला. टाकीचं नाही, त्याच जातीतलं शंकूचं नाही, शिडीचं नाही. जे आलं होतं त्यातलं बरंच तिचं होतं. पण शेवटचे तीन प्रश्न सकाळच्या त्या तासांतले होते, ज्यांना ती पोचली नव्हती. हॅटीने काढून दिलेल्या चित्रावरून एक जमला. दुसरा अर्धा झाला. पेन्सिल धरायची बोटं वळेनात. फुटलेल्या फोडाची कड पेन्सिलीला लागायची आणि अक्षर थरथरायचं. तिसऱ्या प्रश्नावर तिने सुरुवात बरोबर केली. कुठे जायचं ते दिसत होतं, धुक्यापलीकडची गोठ्याची दिवाबत्ती दिसावी तसं. तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, "पेन्सिली खाली."

सरांची पेन्सिल त्याआधीच खाली होती. त्यांच्या कपाळावर घाम होता, बाहेर शून्याखाली वीस असताना.

निकाल शुक्रवारी आला. सरांनी पाकीट वर्गातच फोडलं. "आधी माझा," ते म्हणाले. "एकाहत्तर. पास. अगदी काठावर नाही, पण काठ दिसतोय." कोणी हसलं नाही. हॅटी अठ्ठ्याऐंशी, रूडी चौसष्ट. मार्नीचा कागद त्यांनी मोठ्याने वाचला नाही, तिच्या बाकावर उलटा ठेवला.

शहात्तर.

तिने कागद सुलटा करून सगळ्यांसमोर ठेवला. हॅटी रडायला लागली. मार्नी नाही रडली.

तासानंतर सर कचेरीत गेले आणि दहा मिनिटांनी परत आले. "मी भांडलो," ते म्हणाले. "नियम नियमच राहिला. हे सत्र तुझं गेलं. सप्टेंबरात पुन्हा पहिल्यापासून बसता येईल, पण तेव्हा तुझं शाळेचं शेवटचं वर्ष असेल. नंतर संधी नाही."

"तुम्ही असाल?"

"दुसरं कोणी मिळालं नाही तर." मग जरासं थांबून म्हणाले, "मिळालं तरी मागच्या बाकावर बसेन."

*

घरी पोचली तेव्हा अंगणातच तिला आवाज ऐकू आला. खडखड, खडखड, फळ्या घसरगुंडीवर चढत होत्या. लोहाराची कडी आली होती. काळी, नवी, इतरांपेक्षा जाड. डेल घसरगुंडीखाली उभे राहून वर बघत होते, आणि शेण धबाधबा शेणगाड्यात पडत होतं. तिचे हात आपोआप फावड्याकडे गेले आणि मध्येच थांबले. करायला काही नव्हतं.

जेवायला हरणाचं मांस, उकडलेले बटाटे आणि डब्यातला मका होता. आईने बऱ्याच दिवसांनी टेबलावर कापड घातलं होतं. डेलनी डाव्या हाताने बटाटा फोडला.

"किती पडले?" आईने विचारलं.

"शहात्तर."

"चांगले आहेत की गं! आठ दिवस तसले काढून!"

"ऐंशी हवे होते, आई."

आईचा काटा ताटावर टेकला.

डेलनी घास गिळला. आवाज मऊ ठेवून म्हणाले, "झालं ते झालं. तू कसूर नाही केलीस. पुढच्या वर्षी जरा हलकं काहीतरी घे. दुपारी सुटणारे विषय असतात. घरी लवकर आलीस तर आपलं दोघांचं सकाळ-संध्याकाळ बसेल नीट. माझा खांदा काय, असाच राहणार असं डॉक्टर म्हणतोय."

मार्नीने ताट पुढे सारलं. पाठ सरळ केली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. सप्टेंबरात मी पुन्हा त्याच वर्गात बसणार. पहिल्या पानापासून."

"मुरघास सप्टेंबरातच असतो," डेल म्हणाले.

"माहीत आहे. पहाटेचं दूध मी काढीन. शाळेतून आल्यावर पडेल ते करीन. पण सकाळी गाडीने भोंगा दिला की मी गाडीत असणार. मका उभा असो, पाऊस येवो, तुमचा हात चालो न चालो. आत्तापासून माणूस बघा. माणूस नाही मिळाला तर गाई कमी करा."

"गाई कमी करा? पोरी, तुला कळतंय का तू काय म्हणतेस?"

"कळतंय. आणि कडी मी तोडली, बाबा, तेही कळतंय. अकरावा खाडा माझा होता. तो मी भरला, आज पूर्ण भरला." तिने दोन्ही तळहात टेबलाच्या कापडावर उताणे ठेवले. "पण पहिले दहा माझे नव्हते. ते तुमचे होते. पुढच्या वर्षी त्यातला एकही मी देणार नाही."